भोपळ्याची बोली

नवापूरच्या अलीकडे, रंगावली ओलांडली की आमचं चर्च.
छप्पर पत्र्याचं. भर दुपारी आत बसलं
की खापरावर टाकलेली तूर आणि आपण, फरक नाही.
कापणीच्या सणाला मी दाराशी बसते, मंडळीची खजिनदार:
मांडीवर सुट्या पैशांचा डबा, डब्यावर वही.

यंदाचं सगळं मलावीला जाणार होतं.
तिथं एका डोंगराखाली सव्वीस मुलं राहतात,
बांदा नावाच्या बाई त्यांना सांभाळतात,
आणि वादळात त्यांच्या स्वयंपाकघराचं छप्पर गेलं.
पत्र इंग्रजीत आलेलं. पाळकांनी ते मराठीत वाचलं,
मग मावचीत सांगितलं,
कारण पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचं छप्पर
मावचीतच उडतं.

लिलाव सुरू झाला.
कोंबडी साडेतीनशेला.
अंड्यांची टोपली, त्यातलं एक फुटकं, तरी नव्वद.
यिर्मयाच्या पोरानं एकच पेरू आणला होता,
तो चारदा विकला गेला:
जो घेई तो पुन्हा टेबलावर ठेवी.

मग भोपळा. माझ्या जावेच्या परसातला,
एका बाजूनं बसका, जमिनीवर झोपून वाढलेला.
सीलासबाबा गावित उठले. "हजार."
दुसरं कुणी बोललं नाही.
"अकराशे," पुन्हा तेच.
"बाबा, तुमच्यावर तुम्हीच?" लोक हसले.
पंधराशेवर ते खाली बसले,
आणि मी वहीत लिहिलं, हात जरा थरथरला,
कारण त्यांची पेन्शन किती ते मला माहीत आहे.

तेवढ्यात पाळकांनी पाकिटातून फोटो काढला.
सव्वीस मुलं. अनवाणी. उघडी. एकही हसत नाही.
"सगळ्यांनी बघा, म्हणजे मन द्रवेल."

"फिरवू नका तो," सीलासबाबा म्हणाले.

बसूनच बोलले. आवाज चढला नाही.
"मी सात वर्षांचा. बोर्डिंगात नवा.
परदेशी साहेब आला, तीन पायांचा कॅमेरा घेऊन.
माझ्या अंगात सदरा होता,
आईनं हातानं शिवलेला, निळा, खिसा जरा तिरका.
काढ म्हणाले. काढला.
मी हसलो तर म्हणाले, हसू नको.
त्या फोटोवर मला सहा वर्षं भाकर मिळाली,
चांगली मिळाली, देवाशपथ, मी उपकार विसरलो नाही.
पण तिकडं कुणीतरी मरेपर्यंत प्रार्थना करत राहिलं
सदरा नसलेल्या पोरासाठी."

पंख्याचा कुरकुर आवाज तेवढा.
पाळकांनी फोटो शास्त्रात ठेवला, पान मिटलं.
मग नावं वाचली. फक्त नावं.
ताडाला. लिम्बानी. थोकोझानी.
चिसोमो म्हणजे कृपा, पत्रात लिहिलं होतं;
आमच्या मंडळीत तीन कृपा आहेत, तिघी मागे वळल्या.
म्फात्सो कुणाच्याच तोंडात बसेना.
बसलं ते रिबकाआजीच्या, दात नसलेल्या.
तिनं ओठ मिटले, उघडले,
आणि ते पोर जणू दारात येऊन उभं राहिलं.

सोमवारी बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलानं विचारलं,
"कारण काय लिहू, दान?"
मी म्हटलं, छप्पर.
"असा रकाना नाही, मावशी."
त्यानं काय लिहिलं मला ठाऊक नाही.

भोपळा बाबांनी नेलाच नाही.
आठ दिवस चर्चच्या खिडकीत होता,
मग जावेनं चिरला, भाजी केली, त्यांच्या घरी पोचवली.
बिया माझ्याकडे आहेत, सुपात.

रात्री डाळीला उकळी येईपर्यंत
मी नावं म्हणते. सव्वीस होत नाहीत,
चौदा-पंधराला अडखळते, पुन्हा पहिल्यापासून.
आधी म्हणायचे, प्रभू, त्या बिचाऱ्यांना दे.
आता ते पहिलं तसंच म्हणते, भूक खोटी नाही,
छप्परही खोटं नाही.
पण आमेनच्या आधी थोडी थांबते.
देवा, त्यांच्या अंगात सदरा असेल.
खिसा तिरका असेल.
तो मला दिसू दे.